पाणी तोडायचा दिवस

॥ ७८६ ॥
दौंड, ता. १४ नोव्हेंबर १९९९

ती. आपा यांस,
सिद्दीकचा सलाम वि. वि.

इकडे सर्व खुशाल. पोस्टकार्ड आहे म्हणून थोडक्यात लिहितो. जूनअखेर मी रिटायर होतोय. रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागणार. आसमीनच्या अम्मीचं म्हणणं, दौंडलाच भाड्याने राहू. मी तिला स्पष्ट सांगितलं की नोकरीपुरता बाहेर राहिलो, आता शिरूरला आपल्या घरी जाणार. पण घर दोन खोल्यांचं. त्यात तुम्ही आणि आम्ही तिघं कशी मावणार? तेव्हा परसात आणखी दोन खोल्या काढायचं ठरवलं आहे.

त्यासाठी ती पाच डाळिंबं तोडावी लागतील. तोडली तरी नुकसान काही नाही. दोन वर्षं झाली, एक फळ धड आलेलं नाही. अब्बा गेल्यापासून त्या झाडांची रीतच मोडली, हे तुम्हाला वाईट वाटेल पण खरं आहे. दगडोबा गवंडी रविवारी माप घ्यायला येईल. त्याला परस दाखवणे.

तब्येतीला जपावे. लहान भावावर माया आहे ती तशीच असू द्यावी.

आपला,
सिद्दीक


॥ ७८६ ॥
शिरूर, ता. २२ नोव्हेंबर १९९९

चि. सिद्दीक यास,
अनेक दुवा.

तुझं कार्ड मिळालं. मला मिळण्याआधी ते पोस्टमनला मिळालं, मग शेजारच्या शेवंताबाईच्या सुनेला, आणि सगळ्यांचं वाचून झाल्यावर मला. शेवंताबाई कुंपणावरून ओरडून विचारत होती की डाळिंबं तोडणार म्हंजी सरपान कुनाला देणार. झाडं अजून उभी आहेत आणि त्यांच्या सरपणाची वाटणी झाली. असलं काही लिहायचं तर आंतर्देशीय घेत जा. आणि फोन तर करूच नकोस. बूथवाल्याच्या पुढ्यात उभं राहून मला भांडता येत नाही.

आता भांडते. तू घरी येतोस याचा मला आनंद आहे. घर जेवढं माझं तेवढंच तुझं. पण "रीत मोडली" हे तू कोणत्या तोंडाने लिहिलंस? अब्बा जाऊन चौदा वर्षं झाली. त्यातली बारा वर्षं दर पावसाळ्यात न्हावऱ्याच्या एसटीने तुझ्याकडे डाळिंबांची टोपली आली. रीत मोडली होती तर ती टोपली कुणी पाठवली? चोविसाव्या वर्षी विधवा होऊन मी या घरात परत आले. सकाळी परस, मग जिल्हा परिषदेची शाळा, संध्याकाळी पुन्हा परस, असा माझा जन्म गेला. मेंदीचं कुंपण मी छाटते, मोगऱ्याला आळं मी करते, कढीपत्त्याची पिल्लं मी उपटते. आडाचं पाणी ओढून ओढून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला आहे. तू वर्षातून दोनदा येतोस, बाजेवर बसतोस आणि पेरू खाऊन जातोस.

दोन वर्षं फळ आलं नाही, कारण माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. फळाला अळीने भोक पाडलेलं मला दिसत नाही. दिसतं तेव्हा फळ आतून काळं झालेलं असतं. हे मी तुला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा तू उत्तरात लोको शेडमधल्या नव्या फोरमनबद्दल लिहिलंस.

दगडोबा काल दोरी घेऊन आला होता. त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

तुला खोल्याच हव्यात तर पुढच्या बाजूला पडकी शेड आहे, ती पाड. तिथे एक खोली सहज निघते, दाटीवाटीने दोनही होतील. ते तुला पटत नसेल तर हे कबूल कर. यंदा मी झाडांचा आंबे बहार धरते. म्हणजे काय ते तू विसरला असशील म्हणून लिहिते. थंडी पडली की पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची. मग जानेवारीत भरपूर पाणी सोडायचं, की झाड फुलतं. तू रिटायर होऊन येशील तेव्हा फांद्या फळांनी वाकलेल्या असतील. असल्या, तर कुऱ्हाड लावायची नाही. नसल्या, तर मी एक शब्द बोलणार नाही, तुझा दगडोबा बोलाव.

आसमीनला दुवा. तिच्या आईला सलाम. तुझ्यावर माया आहे, पण आज ती शोधावी लागेल.

तुझी,
आपा


॥ ७८६ ॥
दौंड, ता. १६ जानेवारी २०००

ती. आपा यांस,
सलाम वि. वि.

ईदला आलो, पोटभर शीरखुर्मा खाल्ला, पण तुम्ही माझ्याशी सरळ बोलला नाहीत. आसमीनशी बोललात, तिच्या अम्मीशी बोललात, मला मात्र वाटी देताना तोंड पेरूच्या झाडाकडे. ठीक आहे. बोलता येत नाही म्हणून लिहितो, आणि आंतर्देशीय पत्रात लिहितो.

तुमचं म्हणणं मंजूर. फळं आली तर झाडं राहतील, खोल्या पुढच्या बाजूला. हा माझा शब्द. पण परसात उभा राहून बघितलं तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. पाच झाडांचे पाच खराटे. एक पान नाही. तुम्ही म्हणालात की ताण दिला आहे. आपा, तुम्ही रमजानच्या तोंडावर पाणी तोडलंत. अब्बांची ही रीत नव्हती. मोहरमचे ताबूत नदीत थंडे झाले की दुसऱ्या दिवशी अब्बा पाणी तोडायचे. माझ्याकडे त्यांच्या हातचं पत्र आहे. ट्रंकेत, आसमीनच्या जन्माच्या दाखल्याबरोबर ठेवलं आहे. हे सांगितलं तर तुम्ही हसलात आणि आणखी शेवया वाढल्यात.

आसमीनचा मामा पाटसच्या साखर कारखान्यावर आहे. त्याच्याकडून मळीच्या खताची दोन पोती आणि उसाचं पाचट पाठवतोय. पैजेत दुसऱ्या बाजूला मदत करू नये म्हणतात, पण झाडं अब्बांनी लावलेली आहेत.

राग उतरला की दोन ओळी लिहाव्या. लोभ कमी झाला असेल तर तोही वाढवावा.

आपला,
सिद्दीक


॥ ७८६ ॥
शिरूर, ता. २१ मार्च २०००

चि. सिद्दीक यास,
अनेक दुवा.

तुझे खराटे फुलले. फेब्रुवारीत लाल फुलांनी झाड दिसेना, आणि आता फळं लिंबाएवढी झाली आहेत. मळी घातली, खोडाभोवती पाचट अंथरलं, त्याने ओल टिकते. डोळ्यांना अळी दिसत नाही तर मी दुसरी युक्ती केली. जुन्या ओढण्या फाडून त्यांच्या चिंध्या एकेका फळाला बांधल्या, हाताने चाचपून. शेवंताबाई म्हणते की गुरुजीन बाईंनी झाडाला लेकरावानी टोपडी घातल्याती. हसू दे तिला. बकरीदला तू आला नाहीस, नाहीतर बघितलं असतंस.

अब्बांच्या पत्राचं तू ईदला काढलंस ते मला थट्टाच वाटली, म्हणून हसले. असो.

आता कामाचं. दौंडला एप्रिलमध्ये मोतीबिंदूचं शिबिर आहे, त्यात माझं नाव लागलं आहे. दहा तारखेला ऑपरेशन. नंतर महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, रडायचं नाही, चिडायचं नाही. शेवटचं मला जमणार नाही असं डॉक्टरांना सांगितलं आहे. मी तुझ्या क्वार्टरमध्ये राहीन, आसमीन आणि तिची आई माझं बघतील. तुझी रजा खूप साठली आहे, तेव्हा त्या महिन्यात तू शिरूरला येऊन राहा. घर बदलून घेऊ.

परसात तुला एकच काम आहे. दर तिसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत, प्रत्येक डाळिंबाला आडाच्या सहा बादल्या. उन्हाळा आहे आणि फळ पोसतंय, आता पाणी चुकलं तर झाड फळ टाकतं. मोगऱ्याला रोज एक तांब्या. बाकी झाडू नकोस, खणू नकोस, छाटू नकोस. सिद्दीक, या फळांवर माझी पाच झाडं उभी आहेत, हे तुला पुन्हा सांगायला नको.

तू येण्याआधी डब्यात लाडू करून ठेवते. या खेपेला माया शोधावी लागणार नाही.

तुझी,
आपा


॥ ७८६ ॥
शिरूर, ता. २३ एप्रिल २०००

ती. आपा यांस,
सलाम वि. वि.

ऑपरेशन नीट झालं हे कळून जीव भांड्यात पडला. आसमीन पत्र वाचून दाखवेल म्हणून सविस्तर लिहितो.

घरात राहून मला अठराव्या वर्षात गेल्यासारखं वाटतंय. सकाळी आडावर आंघोळ करतो. मोगरा इतका फुललाय की मशिदीतून येणारे लोक फाटकाशी थांबतात. परस रोज झाडतो, तुम्ही नको म्हणालात तरी. लाडू संपले.

परवाच्या रविवारी ताबूत थंडे झाले. नदीवर पुष्कळ माणूस होतं. दुसऱ्या दिवशी मी अब्बांच्या सांगण्याप्रमाणे डाळिंबाचं पाणी तोडलं. पाचट ओढून बाजूला केलं, खोडाभोवतीची माती वीतभर खणून मुळ्या उन्हाला उघड्या केल्या. दोन दिवस लागले, कंबर अजून वाकत नाही. शेवंताबाई कुंपणाशी येऊन म्हणाली की भाऊ, ह्या उनात पानी तोडू नगा, झाड जळंल. तिला मी सांगितलं की आमच्या वडिलांच्या हातची रीत आहे. फळांच्या त्या चिंध्याही सोडून टाकल्या, झाडं भिकाऱ्यासारखी दिसत होती. आपा, तुम्ही आलात की बघाल. आयुष्यात पहिल्यांदा या परसाला माझा हात लागला, आणि तो अब्बांच्या शब्दाप्रमाणे लागला. खोल्यांचं राहू द्या, पण हे केल्याचं मला फार समाधान आहे.

डोळा जपावा. माझी आठवण दुव्यात ठेवावी.

आपला,
सिद्दीक


॥ ७८६ ॥
दौंड, ता. २९ एप्रिल २०००

चि. सिद्दीक यास,
अनेक दुवा.

हे आसमीनच्या हातून लिहवते आहे. डोळ्यावर हिरवी पट्टी आहे आणि टाके टोचतात. तुझ्या घरात सगळं आगगाडीच्या वेळेवर चालतं. शिट्टी झाली की चहा, दुसरी झाली की जेवण. आसमीनची आई मला हातपाय हलवू देत नाही. तिच्या हातची आमटी चांगली असते हे मी इतकी वर्षं कबूल केलं नव्हतं, ते आज लिहून देते.

तुझं पत्र वाचून घेतलं. मोगरा फुलला, परस झाडतोस, अठरा वर्षांचा झालास, सगळं ऐकून बरं वाटलं. रोज झाडू नकोस असं सांगितलं होतं, पण माफ केलं. डाळिंबांच्या पाण्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे ते नीट चाललं आहे असं मी धरते. फळं आता मुठीएवढी असतील. इथे पडल्या पडल्या मी तीच मनात धरून बघते.

चौदा मेला टाके काढून मी निघेन. तुझ्यावर या महिन्यात माझा राग नाही, हे जपून ठेव.

तुझी,
आपा

ता. क. अब्बा, इथून खालचं माझं, आसमीनचं आहे, फुफीला माहीत नाही. पाणी तोडल्याचा भाग मी त्यांना वाचून दाखवला नाही. अम्मी म्हणाली की आता त्या चिडल्या, रडल्या, तर टाके तुटतील. मी तेवढा परिच्छेद गाळून पुढचं वाचलं. तेव्हापासून मला त्यांच्याकडे बघवत नाही. त्या रोज मला फळं किती मोठी झाली असतील ते हाताने दाखवतात. अब्बा, कृपा करून पत्र मिळेल त्या दिवशी पाणी सुरू करा. आसमीन.


॥ ७८६ ॥
शिरूर, ता. १७ मे २०००

सिद्दीक यास,

दुवा नाही. डोळ्याचंही विचारू नकोस. डोळा चांगला झाला आहे, आणि म्हणून मला सगळं स्वच्छ दिसलं.

मी येणार म्हणून आदल्या दिवशी शिरूरहून पळालास आणि ड्यूटीचं कारण काढून क्वार्टरवरही फिरकला नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. फाटक उघडलं आणि तिथेच बसले. झाडाखाली फळांचा सडा होता, काळी, सुरकुतलेली. पानं हातात घेतली तर चुरा झाला. मुळ्या अशा उघड्या की बोटं घालून उचलाव्यात. शेवंताबाई येऊन रडली. ती म्हणाली की म्या भाऊला चार येळा सांगितलं, त्यांनी मला वडलांचं नाव सांगितलं. तुझं ते पत्र आसमीनने गाळून वाचलं हे मला बसमध्ये बसवून देताना तिनेच सांगितलं. सगळ्या वाटेने मी स्वतःची समजूत घालत होते की सिद्दीक एवढा वेडा नाही, दोन दिवसांत त्याने पाणी सोडलं असेल.

अरे, तुझा पहिला रोजा कधी होता? भर पावसाळ्यात. छत्री उलटी झाली म्हणून तू मशिदीच्या वाटेवर रडला होतास आणि मी तुला हाताला धरून नेलं होतं. यंदाचे रोजे कधी होते? हुडहुडी भरणाऱ्या थंडीत. आपला महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, हे शाळेतल्या पोराला कळतं. मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. अब्बांनी तुला जे काही लिहिलं त्या वर्षी मोहरम थंडीत आला असणार. यंदा तो एप्रिलच्या मध्यावर आला. झाडाला चाँद दिसत नाही, सिद्दीक. झाडाला थंडी कळते आणि ऊन कळतं. बोरं पिकायला लागली की पाणी तोडायचं, हे अब्बांचं खरं गणित होतं. तुझ्या त्या पत्रावर तारीख असेल ना? ट्रंक उघड आणि वाच. साठ वर्षांच्या माणसाने पत्र जपून ठेवायचं आणि तारीख वाचायची नाही, याला काय म्हणू?

का तू सगळं समजून केलंस? मी असं मनात आणणार नव्हते, पण आणलं आहे, तर लिहिते. फळं आली असती तर तुला शब्द पाळावा लागला असता. आता फळं नाहीत. तुझा शब्द मोकळा झाला. दगडोबाला बोलाव, दोरी घेऊन ये म्हणावं. पैज तू जिंकलास.

मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी घालते आहे. डॉक्टरांनी बादली उचलू नको म्हटलं होतं. डॉक्टरांना डाळिंबं नाहीत.

आसमीनला सांग की मी तिच्यावरही रागावले आहे. गाळून वाचायला मी तिला पत्र दिलं नव्हतं. माझं वय बासष्ट आहे, मला काय सोसतं ते मी ठरवीन. पण ती निदान तोंडावर सांगून रडली. तू बस पकडलीस.

शेवटी काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणून लिहीत नाही.

अमीरबी


॥ ७८६ ॥
दौंड, ता. २६ मे २०००

ती. आपा यांस,
सिद्दीकचा सलाम. वि. वि. लिहायची हिंमत नाही.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं आणि मी फाडणार होतो. मी चोर नाही, आपा. आयुष्यभर रेल्वेचा एक नटबोल्ट घरी आणला नाही, आणि बहिणीची झाडं मारून मी खोल्या बांधीन? हे तुम्ही लिहायला नको होतं. आसमीनच्या अम्मीलाही मी तेच सांगत बसलो. ती म्हणाली की आधी तारीख बघा.

बघितली. मग शेडवर गेलो नाही. दिवसभर क्वार्टरच्या पायरीवर बसून होतो.

आसमीनची ता. क. मला वेळेवर मिळाली होती. तेव्हाच पाणी सोडलं असतं तर बहुतेक काही झाडं फळासकट वाचली असती. पण मनात आलं की पोर घाबरते. शेवंताबाई बोलली तेव्हा वाटलं, शेजारीण काय सांगणार. तुम्ही स्वतः लिहून दिलेल्या सहा बादल्यांपेक्षा मला ते एक पत्र मोठं वाटलं. जायच्या आदल्या दिवशी पानं हातात चुरली तेव्हा कळलं, आणि मी पळालो. ड्यूटी नव्हती.

का वाटलं तेही सांगतो. तुमच्याजवळ अब्बा होते. रोजचे, चालते-बोलते. माझ्याजवळ त्यांचं एक पत्र आहे, बाकी सगळी दोन ओळींची कार्डं आली. पूर्ण उतरवून पाठवतो. तुम्हीच वाचा आणि सांगा की मी काय वेगळं समजायला हवं होतं.

"शिरूर, १२ डिसेंबर १९७८. चि. सिद्दीक यास दुवा. काल ताबूत थंडे झाले. गर्दी चांगली होती. आज डाळिंबाचं पाणी तोडलं. खोडाभोवतीची माती ओढून मुळ्या उघड्या केल्या. दरवर्षी असंच करायचं, ध्यानात ठेव. पुढे ही झाडं तुलाच बघायची आहेत. पाणी घालायला अमीरबी आहेच. तुझे अब्बा."

आता ऐका. मी शिरूरला येत नाही. आसमीनच्या अम्मीने स्टेशनमागे दोन खोल्या बघितल्या आहेत. त्या झाडांसमोर रोज उठून मला तोंड धुता येणार नाही. परस तुमचं, घर तुमचं. दगडोबाला निरोप दिला आहे की काम रद्द.

तुम्ही माफ करावं असं म्हणायला मला जागा नाही. मायेचं तुमच्याकडेच राहू द्या, मी मागत नाही.

सिद्दीक


॥ ७८६ ॥
शिरूर, ता. १८ जून २०००

चि. सिद्दीक यास,
दुवा.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर दिलं नाही, कारण मी कुणावर रागावले आहे ते मला ठरवता येत नव्हतं. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, तो जाईल तेव्हा कळवीन. समजून केलंस असं लिहिलं ते मात्र मागे घेते. तू चोर नाहीस, गाढव आहेस. पण अब्बांच्या पत्राची ती नक्कल वाचल्यापासून तुझा नंबर दुसरा लागला.

१२ डिसेंबर १९७८, मंगळवार होता. मला तो दिवस आठवतो, कारण मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. अब्बांना दम्याने उभं राहवत नव्हतं. ते बाजेवर बसून सांगत होते आणि पाचही झाडांभोवतीची माती मी ओढली. कुदळीचा दांडा लागून तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना खडू धरवेना. माती ओढून झाल्यावर मी चहा टाकायला आत गेले आणि ते तुला पत्र लिहायला बसले. मी विचारलं की काय लिहिताय, तर म्हणाले की खुशाली. "मुळ्या उघड्या केल्या." कुणी केल्या, ते लिहायला शाई पुरली नाही.

आणि पुढे काय लिहिलं? पाणी घालायला अमीरबी आहेच.

सिद्दीक, मी तीस वर्षं मुलींना व्याकरण शिकवलं. त्या "च" मध्ये काय असतं ते मला विचार. आड आहेच, बादली आहेच, अमीरबी आहेच. जे आपोआप असतं, ज्याला विचारावं लागत नाही, त्याच्यापुढे माणूस "आहेच" लिहितो. मला अब्बांनी कधी पत्र लिहिलं नाही. मी समोरच होते, लिहायचं कशाला? मला वाटायचं की न बोलता त्यांनी झाडं माझ्या स्वाधीन केली. त्यांची अमानत म्हणून मी ती जपली, गुडघे गेले तरी, डोळे गेले तरी. आणि ती अमानत बावीस वर्षं तुझ्या ट्रंकेत, तुझ्या नावाने पडून होती, आणि तुला तिची तारीखही ठाऊक नव्हती. मी कब्रस्तानात जाऊन भांडले असते, पण बायकांना आत जाऊ देत नाहीत. म्हणून फाटकाबाहेर उभी राहून भांडले. शेवंताबाई सोबत होती. तिने मला अडवलं नाही, उलट दोन शब्द तिनेही वाढवले.

झाडांचं लिहिते. दोन गेली. आडाच्या बाजूची तीन खोडातून फुटली आहेत, कोंब बोटभर आहेत. यंदा फळ नाही, पुढच्या वर्षी येईल याची खात्री नाही, पण जगतील. गेलेली दोन मी लाकूडतोड्या मल्हारीला कुऱ्हाड घेऊन बोलावून, समोर उभी राहून तोडून घेतली. तुझ्या हाताने ती पडू नयेत एवढीच माझी इच्छा होती. सरपण शेवंताबाईला दिलं.

मग दगडोबाला बोलावलं. त्याला तू काम रद्द म्हणून सांगितलं होतंस, मी नाही. त्या दोन झाडांच्या जागेत एक खोली बसते. दुसरी पुढे, शेडच्या जागी. मी माप लिहून घेतलं आहे आणि पाया खणायला परवापासून माणसं येतील. भिंती उभ्या राहीपर्यंत आहेत त्या दोन खोल्यांत दाटी करू. स्टेशनमागच्या खोल्या आसमीनच्या आईने नको म्हणून सांगून यायच्या. लाज वाटते म्हणून तू दौंडला राहणार आणि मी इथे एकटीने पुन्हा पाणी ओढणार, हे चालायचं नाही. लाज वाटत असेल तर ती घेऊन इथे ये. रोज सकाळी उठून त्या तीन झाडांसमोरच तोंड धू.

थंडीत पाणी तोडायचा दिवस येईल. यंदा झाडं दुबळी आहेत, तोडायचं की नाही ते मी बघून ठरवीन. तोडायचं ठरलं तर माती तू ओढायचीस, कंबर वाकत नसली तरी. मी बाजेवर बसून सांगेन. बादल्याही तूच ओढायच्या, किती आणि केव्हा ते मी सांगेन. अब्बांचं पत्र आणायचं असेल तर आण, तुझं आहे. पण या परसात यापुढे अमीरबी आहेच असं कुणी धरायचं नाही. अमीरबी आहे. झाडाला हात लावण्याआधी तिला विचारायचं.

एकतीस जूनची एसटी धरू नकोस, जूनला एकतीस तारीख नसते. तारखा वाचायला शीक. एक जुलैला सगळे या.

लोभाचं आल्यावर बघू.

अमीरबी